सतरावी प्रतिज्ञा आणि तीन ग्लास बिअर

भीमजयंतीनंतरच्या रविवारी पुण्यात आमचा अभ्यासवर्ग झाला. विषय होता बाबासाहेबांचे 'राज्य आणि अल्पसंख्याक'. वीस-बावीस तरुण-तरुणी आले होते. आयटीतले, बँकेतले, दोन पीएचडी करणारे, एक नुकताच तहसील कार्यालयात लागलेला. चर्चा चांगली झाली. राज्य समाजवादावर एका मुलीने असा मुद्दा मांडला की आम्ही वहीत टिपून घेतला. वर्ग संपला आणि कोणीतरी म्हणाले, "चला, जरा बसू." मराठीत या 'बसू'चा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

आम्हीही गेलो. मुंढव्याच्या बाजूला एक मायक्रोब्रुअरी आहे. काचेआड चकचकीत टाक्या, टेबलावर लाकडी फळी आणि फळीवर सहा छोटे ग्लास: फिकट पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. मग जो विषय निघाला तो दीड तास संपला नाही. कोणाला काय आवडते? एकाचे म्हणणे, गव्हाची हेफेवाइझेनच खरी, तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि तो वास यीस्टमधून येतो, वरून काही घातलेले नसते. दुसरा म्हणाला, ती शरबत आहे, प्यावी तर कडू आयपीए. बेंगळुरूहून आलेला मित्र स्टाउटवर ठाम होता: जव भाजून घेतात म्हणून ती कॉफीसारखी लागते. तिसऱ्याने बेल्जियन विटची बाजू घेतली, तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते. हॉप्स कुठल्या देशातले, माल्ट किती भाजलेले, फेस किती वेळ टिकला, सगळे आले. खोटे कशाला बोला, ऐकायला मजा आली. आम्ही लिंबू-सोडा घेऊन ऐकत होतो. राज्य समाजवादावर पाऊण तासात दमलेली मंडळी इथे ताजीतवानी होती.

परतताना कोपऱ्यावर देशी दारूचे दुकान लागले. बाहेर फुटपाथवर एक माणूस आडवा पडला होता. पन्नाशीचा असेल, अंगावर ठेकेदाराचे नारिंगी जाकीट. आमच्यातला एक जण, तोच आयपीएवाला, म्हणाला, "बघा. यांच्यामुळेच समाज मागे राहिला. बावीस प्रतिज्ञा यांना कोण समजावणार?"

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांकडून ती म्हणवून घेतली. तिच्यात देशी-विदेशीचा, चपटीचा आणि पाइंटचा भेद नाही. तरी आमच्या शिकलेल्या मित्रांकडे एक पळवाट तयार असते: "बिअर म्हणजे काही दारू नाही रे." कायदाही त्यांना हात देतो. महाराष्ट्रात दारूसाठी वय पंचवीस, बिअरसाठी एकवीस. म्हणजे सरकारनेच बिअरला धाकटे भावंड ठरवले आहे.

आता धम्म काय म्हणतो ते बघू. पंचशीलातले पाचवे शील आपण सगळेच म्हणतो, पण 'सुरा' आणि 'मेरय' हे दोन शब्द वेगळे का आहेत हे किती जणांनी पाहिले आहे? विनयपिटकात सुरापानाच्या पाचित्तियाखाली त्याची फोड केली आहे. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांचे आसव. आणि सुरा? पिठाची, पुव्यांची, भाताची, किण्व घातलेली आणि मसाल्याचे मिश्रण घातलेली. धान्य भिजवायचे, त्यात किण्व म्हणजे यीस्ट टाकायचे, आंबवायचे. मित्रांनो, याला आजच्या भाषेत बिअर म्हणतात. पाचव्या शीलात पहिला शब्द बिअरच्याच जातकुळीचा आहे, व्हिस्की तर तेव्हा कोणाला माहीतही नव्हती. धने आणि संत्र्याची साल घातलेली तुमची बेल्जियन विट पाचव्या प्रकारात नीट बसते. आणि त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की कुशाच्या टोकाने चाखली तरी दोष लागतो. हा नियम भिक्खूंसाठी आहे, उपासकांसाठी इतका कडक नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण सहा छोट्या ग्लासांची फळी बघितली की ते कुशाचे टोक आठवतेच.

तो नियम ज्यावरून झाला ती गोष्टही सांगून टाकतो. सागत नावाचे भिक्खू होते. त्यांनी एका भयंकर नागाला वश केले. गावोगावी त्यांचे नाव झाले. कोसंबीच्या उपासकांना वाटले, एवढ्या थोर माणसाला काहीतरी दुर्मिळ द्यावे. घरोघरी उत्तम, स्वच्छ, निवळ मद्य तयार ठेवले गेले. सागत प्रत्येक घरी थोडे थोडे प्यायले आणि नगराच्या वेशीत कोसळले. भिक्खूंनी उचलून आणले, तर ते वळले आणि बुद्धांकडे पाय करून झोपले. बुद्धांनी विचारले, नागाला जिंकणारा हा आता पाणसापाशी तरी लढू शकेल का? आम्हाला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे: सागतांना कोणी गुत्त्यावर नेले नव्हते. चांगल्या घरांतून, आदराने, उंची माल मिळाला होता.

बरे, धम्म बाजूला ठेवू. गणित करू. अर्धा लिटरचा ग्लास, 5 टक्के अल्कोहोल. तीन ग्लास म्हणजे दीड लिटर, त्यात शुद्ध अल्कोहोल 75 मिलिलिटर. आता व्हिस्कीची 180 मिलीची क्वार्टर घ्या, 42.8 टक्के. त्यात अल्कोहोल साधारण 77 मिलिलिटर. तीन ग्लास क्राफ्ट बिअर म्हणजे एक क्वार्टर, दोन मिली इकडे-तिकडे. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या दोन बाटल्या, 8 टक्क्यांच्या, म्हणजे 104 मिलिलिटर: क्वार्टरच्याही पुढे. त्या रात्री आमच्या टेबलावर प्रत्येकाचे चाखणे धरून तीन ग्लास तरी झाले होते. यकृताला केळ्याचा वास कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की अल्कोहोलचे आरोग्याला सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही.

मग फुटपाथवरचा माणूस आणि आयपीएवाला यांच्यात फरक तो कोणता? अल्कोहोलचा नाही. फरक भाषेचा आहे. एकाकडे पिण्याबद्दल बोलायला शब्द आहेत, दुसऱ्याकडे नाहीत. समाजशास्त्र शिकलेल्यांना बोर्द्यू आठवेल. 1979 च्या 'डिस्टिंक्शन'मध्ये त्याने दाखवले की आवडनिवड ही दिसते तितकी खासगी गोष्ट नसते, ती आपली सामाजिक जागा सांगत असते आणि खालच्यांपासून आपल्याला वेगळे काढत असते. भारतात हे समजायला फ्रेंच पुस्तकाची गरज नाही. कोणी काय खातो-पितो यावरून माणसाची पायरी ठरवणे हा इथला जुना धंदा आहे. आमच्या आजोबांच्या ताटावरून त्यांची पायरी ठरवली गेली. आता नातू ग्लासावरून दुसऱ्याची ठरवतो आहे.

त्या नारिंगी जाकिटाकडे परत जाऊ. गटारात, कचऱ्याच्या गाडीवर, शवागारात काम करणारी माणसे कामाआधी का पितात हे वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. त्यांना वास मारायचा असतो. आपण वास घेण्यासाठी पितो, ग्लास नाकापाशी नेऊन. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. त्यांच्या दारूची चव कशी होती, हे कोणी विचारले नाही. त्यांची व्यसनाधीनता मात्र सगळ्यांनी विचारली. आम्ही त्या माणसाच्या पिण्याचे समर्थन करत नाही. त्याच्या पिण्याने त्याच्या बायकोचे काय होते ते आम्ही जवळून पाहतो. पण तीन ग्लास रिचवून त्याला प्रतिज्ञा शिकवायला निघालेल्या माणसाला आम्ही एवढेच म्हणू, भाऊ, आधी तू बस खाली.

ज्या आयपीएवर एवढे प्रेम आहे, तिच्या नावातला पहिला शब्द 'इंडिया' आहे, हे सांगताना मित्राच्या चेहऱ्यावर अभिमान होता. इंडिया पेल एल. ती इंग्लंडात बनायची आणि जहाजाने इथल्या गोऱ्या साहेबांसाठी यायची. हॉप्स जास्त असल्यामुळे लांबच्या प्रवासात टिकायची. नावात इंडिया असली तरी ग्लास साहेबाचा होता. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेली, राज्यातल्या पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक, तिचे नाव डूलाली. हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला. तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून असत. कंटाळा, ताप, दारू. त्यातून 'देवळाली ताप' म्हणजे डोके फिरणे, हा अर्थ रूढ झाला. नाशिक म्हटल्यावर आम्हाला काळाराम आठवतो, साहेबाला हे आठवले.

आणि साहेब स्वतः पीत असताना इथल्या लोकांच्या पिण्याचे काय करत होता? 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढणे, दारू गाळणे सरकारी परवान्याखाली आणि कराखाली आणले. 1892 च्या मोहाच्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरच बंधन घातले. गरिबाचे पेय गुन्हा आणि महसूल, वरच्याचे पेय सभ्यता. ही वाटणी तेव्हापासूनची आहे, मायक्रोब्रुअरीने शोधलेली नाही.

इथे तीन आक्षेप येतील. त्या रात्री आलेच होते.

पहिला: बाबासाहेब तर दारूबंदीच्या विरोधात होते. खरे आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून तो महसूल मिळवा, असे स्वच्छ म्हटले आहे. आम्ही हे लपवत नाही, उलट अभिमानाने सांगतो. नैतिकतेचा दंडुका पोलिसाच्या हातात दिला की तो कोणाच्या पाठीवर पडतो, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. पण त्याच माणसाने पाच वर्षांनी लाखोंकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. यात विसंगती कुठे आहे? एक राज्याचा कायदा, दुसरे स्वतःचे शील. राज्याने बंदी घालू नये म्हणून मी प्यावी, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसते? स्वतः बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकले, लंडनला शिकले, गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळात बसले. प्यायला न मिळण्याची अडचण त्यांना कधीच नव्हती. ते प्यायले नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे: गोमांसबंदीला विरोध करता, मग बिअरला का नाही? खाण्यापिण्यावर बंधन म्हणजे ब्राह्मणी शुद्धतेचेच राजकारण ना? नाही. 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली ती आम्हाला न विचारता, आमच्या ताटात हात घालून. सतरावी प्रतिज्ञा आपण स्वतः हात वर करून घेतली. लादलेले बंधन आणि स्वीकारलेले शील यांत फरक न करणाऱ्याने मग खोटे न बोलण्याचे शीलही ब्राह्मणी म्हणून टाकून द्यावे. बावीस प्रतिज्ञांत मांस सोडा असे एकही वाक्य नाही. दारूबद्दल आहे. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे बाबासाहेबांनी पूर्ण विचार करून ठरवले होते. विटाळाचा इथे प्रश्नच नाही, प्रश्न शुद्धीवर असण्याचा आहे. पाचव्या शीलातला शेवटचा महत्त्वाचा शब्द 'पमाद' आहे, बेसावधपणा. ज्यांच्या इतिहासाने त्यांना एक क्षण बेसावध राहायची मुभा दिली नाही, त्यांना हे वेगळे सांगावे लागू नये.

तिसरा: मोह आणि ताडी ही तर मूलनिवासी संस्कृती. असेल. ज्या आदिवासी घरात मोहाची धार देवापुढे पडते, त्या घराशी तो वाद आदिवासी माणूस करेल, आम्ही नाही. पण हा मुद्दा मांडणारे मित्र मोह पीत नाहीत. दुसऱ्याच्या संस्कृतीचे बिल आपल्या टेबलावर का मागवता?

आता पैशाकडे येतो. आमच्या मते खरी मेख तिथे आहे आणि तिथे आपली मंडळी सगळ्यात कमी बोलतात. 1927 च्या मार्चमध्ये, महाडच्या चवदार तळ्याच्या आसपासच्याच दिवसांत, बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. या प्रांतात सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि अबकारी महसूल म्हणून माणशी दोन रुपयांहून अधिक घेते. मागणी साधी होती: दारूतून लोकांकडून जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. जोतीरावांनीही 1880 मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांबद्दल लेखी आवाज उठवला होता. त्याच काळात व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतखर्चाला विरोध करून तो पैसा शिक्षणावर लावा, असे ते म्हणत होते. फुले आणि आंबेडकर दोघांनीही दारूकडे आधी हिशेबनीस म्हणून पाहिले, कीर्तनकार म्हणून नाही.

तो हिशेब आज कोण मांडतो? 2023 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने बिअरचा खप कमी झाल्याच्या काळजीने, उत्पादन शुल्क कमी करता येईल का हे बघायला समिती नेमली. बिअरच्या खपासाठी समिती! शिष्यवृत्ती वेळेवर न आल्यामुळे परीक्षेचा फॉर्म अडलेली मुले आमच्याकडे दर वर्षी येतात. त्यांचा खप कमी झाला तर कोण समिती नेमणार आहे?

आणि पाणी. एक लिटर बिअर बनवायला चार-पाच लिटर पाणी सहज लागते. ज्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, तिथल्याच औद्योगिक पट्ट्यात राज्यातले मोठे बिअर कारखाने आहेत. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते. तेव्हा मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचे पाणी तोडायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, आधी निम्म्याने, मग 60 टक्क्यांपर्यंत. न्यायालयाने सांगेपर्यंत कारखाने चालू होते आणि बाया टँकरच्या रांगेत होत्या. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांच्या नातवंडांनी ग्लासातल्या पाण्याचा उगम विचारायला नको?

शेवटी वस्ती. आमचे काम तिथेच चालते. 'आडवी बाटली'चा कायदा माहीत असेल: मतदार यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. मतदान करणाऱ्यांच्या निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या निम्म्या लागतात. मजुरी बुडवून, नवऱ्याचा मार सोसून, दुकानदाराच्या माणसांना तोंड देऊन हे आकडे गाठावे लागतात. मतदानाच्या मागणीआधी सह्या गोळा कराव्या लागतात. तशा सह्यांसाठी एका वस्तीत आम्ही फिरत होतो. सोबत एक हुशार तरुण कार्यकर्ता होता. एका मावशीने कागद हातात घेतला, त्याच्याकडे बघितले आणि विचारले, "बाळा, तू घेतो का?"

तो गडबडला. खोटे बोलला नाही, हे त्याचे कौतुक. म्हणाला, "नाही मावशी, म्हणजे... फक्त बिअर. कधीतरी."

मावशी म्हणाल्या, "आमचे हे पण बिअरच घ्यायचे. पगाराच्या दिवशी. कंपनीत पर्मनंट होते तवर."

सही केली त्यांनी. पण शेजारच्या दोघींना बोलावते म्हणाल्या होत्या, त्यांना काही बोलावले नाही. आम्ही बराच वेळ उभे राहिलो आणि पुढच्या गल्लीत गेलो. त्या गल्लीतही तो कार्यकर्ता होता, पण बोलत नव्हता. आम्ही त्याला दोष दिला नाही. आमच्यातल्याही काहींनी कॉलेजच्या होस्टेलवर सगळे करून पाहिले आहे आणि ते सोडायला वेळ लागला आहे. सोडता येत नसेल तर सांगा, सोबत येऊ, डॉक्टरकडेही येऊ. त्यात लाज नाही. लाज आहे ती तिला 'रसिकता' म्हणण्यात.

पुढचा अभ्यासवर्ग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, सकाळी दहाला, या वेळी वस्तीतल्या विहारात. विषय 1927 चे शिक्षण अनुदानावरचे भाषण. चहा महिला मंडळ करणार आहे. सह्यांचे कागद दाराशीच ठेवलेले असतील आणि दाराशी मावशी बसलेल्या असतील.

जय भीम.